वर्गात नाट्य आणि खेळ घेताय? आधी ऐकणाऱ्याला काम द्या

भाषेच्या तासाला 'नाट्यीकरण' घ्यायचं म्हटलं की बहुतेक वर्गांत ठरलेलं चित्र दिसतं. पाठातले संवाद कागदावर उतरवून दिले जातात. खणखणीत आवाजाची पाच मुलं ते पाठ करतात आणि फळ्यापुढे ओळीनं उभी राहून म्हणतात. उरलेली पस्तीस टाळ्या वाजवतात. बाई टाचणवहीत 'उपक्रम घेतला' लिहून मोकळ्या होतात. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच लिहिलं. त्या तासात पाच जणांनी पाठांतर म्हणून दाखवलेलं असतं आणि ऐकलेलं कुणीच नसतं, कारण ऐकून पुढे करायचं काय हे कुणाला सांगितलेलंच नसतं.

पुढचा क्रम चौथी-पाचवीच्या, चाळीसेक मुलांच्या वर्गासाठी आहे. ३५ मिनिटांची तासिका, आठवड्याला दोन, असे सहा आठवडे. मराठीचा तास धरून लिहिलंय, पण इंग्रजीच्या तासालाही क्रम हाच ठेवा, फक्त प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ द्या.

आधी एक हिशोब करू. ३५ मिनिटं म्हणजे २१०० सेकंद. एकेक मूल उभं करून बोलतं केलं तर चाळीस जणांत प्रत्येकाच्या वाट्याला ५२ सेकंद येतात, तेही हजेरी, गोंगाट आणि 'सर, हा ढकलतोय' यांत वेळ गेला नाही तर. तीच मुलं जोड्यांत बसवून दहा मिनिटं दिली तर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. म्हणून जोडी आणि चौकडी हाच या कामाचा पाया. फळ्यापुढची जागा पाचव्या आठवड्यापर्यंत रिकामीच राहू द्या.

## टप्पा १ : तयारी (मुलं वर्गात यायच्या आधी)

खेळाची कसोटी. कुठलाही खेळ निवडताना स्वतःला विचारा : एकाकडे असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नाही, आणि दुसऱ्याचं तिच्यावाचून अडतं, असं यात काही आहे का? असेल तर मुलं आपसूक बोलतील आणि कान देऊन ऐकतील. नसेल तर तो खेळ मैदानावर घ्या, भाषेच्या तासाला नको.

सामान. पाट्या, खडू, पोस्टकार्डाएवढे कापलेले पुठ्ठे आणि एक उपरणं किंवा टोपी. एवढं पुरतं. मुकुट, दाढी-मिशा, रंगवलेले पडदे यांच्या नादाला लागू नका. त्यात दोन तास जातात आणि बोलणं तिथल्या तिथेच राहतं.

जागा. ऐकण्याचे खेळ वर्गातच घ्या. झाडाखाली छान वाटतं, पण वाऱ्यात आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या आवाजात हळू बोलणाऱ्या मुलाचं वाक्य हरवतं आणि दोष मात्र त्याच्या माथी जातो. प्रसंगनाट्य बाहेर चालेल.

थांबण्याची खूण. चाळीस मुलं एकदम बोलणार म्हणजे आवाज होणारच. शेजारच्या वर्गाला आदल्या दिवशी कल्पना द्या. मुलांशी एक खूण ठरवा. माझी अशी : मी तीन टाळ्या वाजवते, मुलं दोन वाजवतात आणि हात वर. पहिल्या दिवशी खेळ घेऊच नका, नुसत्या या खुणेचा सराव घ्या, पाच-सहा वेळा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं की पुढचे सहा आठवडे ओरडण्यात जातात.

जोड्या तुम्ही ठरवा. मुलांवर सोडलं तर बोलकी बोलक्यांत जातात आणि तीन-चार मुलं एकटी उरतात. बोलकं आणि मध्यम, मध्यम आणि अबोल अशा जोड्या लावा. अगदी बोलकं आणि अगदी अबोल अशी जोडी लावू नका, त्यात एकच तोंड चालतं.

> तपासा : खेळाचा नियम तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येतो का? तिसरं वाक्य लागत असेल तर नियम कापा.

## टप्पा २ : कान (पहिले दोन आठवडे)

इथेच सगळ्यांची घाई होते. पहिल्या तासालाच 'चला, आता बोला' म्हटलं की मुलं तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. आधी ऐकण्याचे खेळ घ्या. त्यात चूक झाली तरी ती हसण्यावारी जाते, म्हणून लाजरी मुलंही उतरतात.

'शिवाजी म्हणतो'. सगळ्यांना येतो. 'शिवाजी म्हणतो, हात वर' म्हटलं तर करायचं, नुसतं 'हात वर' म्हटलं तर नाही. यात दोन बदल करा.

पहिला : कुणालाही बाद करू नका. बाद होणारं मूल नेमकं तेच असतं ज्याला ऐकण्याच्या सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि आपण त्यालाच भिंतीशी बसवतो. चुकलं की पाटीवर एक रेघ मारायची आणि खेळत राहायचं. उद्याच्या रेघा आजच्यापेक्षा कमी झाल्या का, एवढंच बघायचं.

दुसरा : सूचना दिवसागणिक अवघड करा. क्रम असा :

1. एक कृती : 'उजवा हात डोक्यावर.'
2. दोन कृती, क्रमाने : 'टाळी वाजवा आणि खाली बसा.'
3. उलटा क्रम : 'खाली बसण्याआधी दोन टाळ्या वाजवा.'
4. अट : 'ज्यांच्या नावात र आहे त्यांनी उभं राहा.'
5. वगळणं : 'खिडकीजवळची रांग सोडून बाकीच्यांनी डोळे मिटा.'

तिसऱ्या पायरीवर निम्मा वर्ग आधी बसतो आणि मग टाळ्या वाजवतो. 'आधी', 'नंतर', 'सोडून', 'शिवाय', 'जोपर्यंत' हे शब्द मुलांच्या कानावरून घसरून जातात आणि पुढे गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत तिथेच घोळ होतो. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नका.

कानगोष्टी. चाळीस मुलांची एकच लांब रांग लावली की एका वेळी दोघंच काम करतात आणि अडतीस मुलं बाकावर बोटं वाजवत बसतात. सहा-सात जणांच्या रांगा करा. निरोप असा हवा की त्यात नाव, वार, वेळ आणि संख्या असेल : 'सुमनमावशीने मंगळवारी पावणेसहाला तीन नारळ आणि दीड किलो गूळ मागवलाय.' पावणेसहा आणि दीड इथे मुद्दाम घातलेत. साडेचार-पावणेसहा-सव्वासात यांत पाचवीची मुलंही गडबडतात.

आणि या खेळाचा जुना नियम बदला. 'एकदाच सांगायचं, परत विचारायचं नाही' हा नियम गंमत वाढवतो, पण न कळलं तरी मान डोलवायची सवय लावतो. माझ्या वर्गात प्रत्येकाला एकदा 'परत सांग' म्हणायचा हक्क असतो. शेवटी निरोप बिघडला तर रांगेत मागे जात तो कुठे बिघडला ते शोधायचं, कुणी बिघडवला ते नाही.

> सावधान : एखादं मूल सतत शेजाऱ्याकडे बघून कृती करत असेल, पाठमोरं असताना हाकेला ओ देत नसेल, तर त्याला 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होऊ नका. ऐकू कमी येत असेल. तोंड वहीमागे धरून बोला आणि बघा. शंका आली तर पालकांना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून पुढे करा. तोवर त्याला पुढच्या रांगेत घ्या.

## टप्पा ३ : पाठीला पाठ (तिसरा आठवडा)

सगळ्या खेळांत मला सगळ्यात जास्त हाती लागलं ते या एकातून.

दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात चित्राचं कार्ड, दुसऱ्याच्या मांडीवर कोरी पाटी. पहिल्याने चित्र शब्दांत सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. चित्रात पाचच गोष्टी हव्यात : घर, घराच्या डावीकडे विहीर, विहिरीमागे झाड, झाडावर एक कावळा, घराच्या दारात चपलांचा जोड. चित्र तुम्हीच खडूने पुठ्ठ्यावर काढा. ते जितकं साधं, तितकं बोलणं नेमकं.

1. पहिली फेरी, ४ मिनिटं. काढणाऱ्याने काहीच विचारायचं नाही. मग पाटी आणि कार्ड शेजारी ठेवून बघायचं. हशा पिकतो : विहीर घराच्या छपरावर, कावळा घराएवढा.
2. मधली चर्चा, ३ मिनिटं. 'काय सांगायचं राहिलं?' एवढंच विचारा. मुलं सांगतात : 'किती मोठं ते नाही सांगितलं', 'तिकडं म्हणाला, पण तिकडं म्हणजे कुठं?' हे शब्द फळ्यावर घ्या : डावीकडे, मागे, चिकटून, मधोमध, निम्म्या उंचीचं.
3. दुसरी फेरी, ६ मिनिटं. नवीन कार्ड, अदलाबदल केलेली कामं. आता काढणाऱ्याला प्रश्न विचारायची मुभा आहे.

दोन पाट्या शेजारी ठेवल्या की प्रश्न विचारल्याने काय फरक पडला ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

नेहमीची चूक : फेरी चालू असताना शिक्षक मध्ये पडून उच्चार सुधारतात. 'पानी नव्हे, पाणी.' ते मूल पुढचं वाक्य गिळतं. चुका वहीत टिपा आणि तासाच्या शेवटी, नाव न घेता, सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्या. तिथे 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' सारखी एखादी जीभ वळवणारी ओळ घेतली की कुणाला टोचत नाही.

> तपासा : तीन जोड्यांच्या मागे एकेक मिनिट उभ्या राहा. तुमच्या कानावर एकाच मुलाचा आवाज येतोय का? मग त्या जोडीची कामं लगेच बदला.

## टप्पा ४ : राजा-मंत्री-चोर-शिपाई, पण बोलून (चौथा आठवडा)

चार चिठ्ठ्यांचा हा खेळ घरी अंदाजावर चालतो : मंत्री तोंडं बघतो आणि बोट दाखवतो. वर्गात बोट दाखवायला बंदी. दहा चौकड्या करा आणि फळ्यावर एक चोरी लिहा : 'काल दुपारच्या सुट्टीत शाळेची घंटा नाहीशी झाली.'

1. चिठ्ठ्या उचला. राजा आणि मंत्री उघड होतात, चोर आणि शिपाई गुपचूप राहतात.
2. मंत्री उरलेल्या दोघांना प्रत्येकी तीन प्रश्न विचारतो. सुट्टीत कुठे होतास, सोबत कोण होतं, काय खाल्लंस. दोघांनीही काहीतरी रचून सांगायचं.
3. मंत्री निकाल सांगतो, पण 'कारण' हा शब्द वापरूनच. 'चोर हाच, कारण आधी म्हणाला मैदानावर होतो आणि नंतर म्हणाला खिचडी वर्गात खाल्ली.'
4. राजा तो सगळा जबाब आपल्या शब्दांत परत सांगतो. दोन्ही आरोपींनी 'बरोबर' म्हटलं तरच निकाल पक्का.

चौथी पायरी गाळू नका. ती नसेल तर राजा नुसता बसून राहतो आणि चौथ्या मुलाचा तास फुकट जातो. पकडला गेला तरी चोराला गुण द्या, पण तीनही उत्तरं पूर्ण वाक्यात दिली असतील तरच. प्रश्न 'हो-नाही'त संपणारे येत असतील तर पुढच्या फेरीला नियम घाला : प्रश्न 'का', 'कसं', 'कुठे', 'मग' यांपैकी एकाने सुरू व्हायला हवा.

## टप्पा ५ : प्रसंग (पाचवा आठवडा)

आता नाटक. संवाद लिहून द्यायचे नाहीत. द्यायच्या दोन चिठ्ठ्या, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने बघायची नाही. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच गोष्टी : तू कोण, तुला काय हवंय, तुझी अडचण काय.

एसटीचा प्रसंग माझ्याकडे कधी फसला नाही.

प्रवाशाची चिठ्ठी : तू ७६ वर्षांची आजी आहेस. पुढच्या तालुक्याला जायचंय. ७५ च्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही हे तुला माहीत आहे, पण आधारकार्ड घरी राहिलंय.

कंडक्टरची चिठ्ठी : ओळखपत्र बघितल्याशिवाय सवलत देता येत नाही. गाडीत गर्दी आहे, उशीर झालाय, पण म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात उतरवायचं तुझ्या जिवावर येतं.

आणखी एक जोडी : प्रवाशाकडे फक्त पाचशेची नोट, कंडक्टरकडे सुटे संपलेले. एका मुलाने इथे चटकन म्हटलं होतं, 'मग तिकिटामागं लिहून द्या की, उतरताना घेतो.' एसटीने येणारं मूल होतं ते, त्याला ते उत्तर पाठ्यपुस्तकातून काढावं लागलं नाही. प्रसंग तुमच्या गावातलेच घ्या : रेशन दुकानावर अंगठा उमटत नाही, दवाखान्यात दुखतंय कुठे ते नेमकं सांगायचंय, आठवडी बाजारात तोललेलं कमी भरलंय.

पायऱ्या :

1. चिठ्ठी वाचायला एक मिनिट. वाचता न येणाऱ्याला तुम्ही कानात सांगा.
2. सगळ्या जोड्या एकाच वेळी, आपापल्या जागी, ३ मिनिटं. प्रेक्षक नाहीत.
3. तोच प्रसंग, भूमिका बदलून, पुन्हा ३ मिनिटं.
4. मग हौशी दोनच जोड्या पुढे. आणि बघणाऱ्यांना काम : डावी बाजू आजीला नक्की काय हवंय ते टिपेल, उजवी बाजू कंडक्टर कोणत्या वाक्याला नरमला ते टिपेल. पाट्या हातात.

चौथ्या पायरीला काम न देता प्रेक्षक बसवणं ही या टप्प्यावरची सगळ्यात मोठी चूक. तिथूनच आपण पुन्हा पाच मुलं आणि पस्तीस टाळ्यांवर येतो.

बोलीचं काय करायचं? घरी 'मले-तुले' किंवा 'माका-तुका' म्हणणाऱ्या मुलाला भूमिकेतून वाट मिळते. आजी घरच्या बोलीत बोलेल, बँकेतला साहेब प्रमाण मराठीत. दोन्ही भूमिका प्रत्येकाला आलटून पालटून मिळाल्या की कुठे कसं बोलायचं हे मूल स्वतः निवडू लागतं. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी पहिली फेरी सरळ घरच्या भाषेतच होऊ द्या, दुसरी मराठीत. काय बोलायचं ते आधी सापडलेलं असतं, मग फक्त मराठी शब्द शोधायचे राहतात.

अडलं तर उपरणं. प्रसंग थंड पडला तर बाहेरून 'बोल ना, बोल ना' करू नका. मी खांद्यावर उपरणं टाकते आणि आत शिरते : 'काय हो कंडक्टर, गाडी का थांबवलीय?' उपरणं असेतो मी गाडीतली प्रवासी, काढलं की बाई. ही खूण मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं भूमिकेतल्या बाईंना घाबरून खरं उत्तर देतात.

> सावधान : गावातल्या खऱ्या भांडणाचा, कुणाच्या घरच्या दारूचा, कर्जाचा प्रसंग घेऊ नका. आणि जातीवरून, व्यंगावरून हशा मिळतोय असं दिसलं तर टाळीची खूण करून तिथेच थांबवा, प्रसंग बदला.

## टप्पा ६ : खुर्चीतला पाहुणा (सहावा आठवडा)

सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट घ्या. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' उत्तम, कारण त्यात म्हातारीला वाघापासून काहीतरी लपवायचंय. एका मुलाला वाघ म्हणून खुर्चीत बसवा. वर्गाने प्रश्न विचारायचे, वाघाने वाघ म्हणून उत्तरं द्यायची.

थेट सुरुवात केलीत तर प्रश्न येतात : तुझं नाव काय, तुला काय आवडतं. म्हणून आधी पाच मिनिटं चौकड्यांत दोन-दोन प्रश्न तयार करून घ्या. अट एकच : उत्तर मूळ गोष्टीत सापडता कामा नये. मग 'म्हातारी जाड होऊन येईपर्यंत तू काय खाल्लंस?', 'भोपळा बोलतोय याचा संशय तुला का आला नाही?' असे प्रश्न येऊ लागतात.

दुसरी अट ऐकणाऱ्यांसाठी : पुढचा प्रश्न आधीच्या उत्तराला धरून हवा. वाघ म्हणाला 'मी उपाशीच होतो', तर पुढच्याने तिथूनच पुढे जायचं. हे जमायला वेळ लागतो. पहिल्या तासाला दोन-तीन प्रश्न जुळले तरी पुरे. खुर्चीत एक मूल चार मिनिटांपेक्षा जास्त नको. आणि अबोल मुलाला एकटं बसवू नका, दोन वाघ एका खुर्चीत बसवा. एकाला सुचलं नाही तर दुसरा बोलतो, आणि तीन-चार प्रश्नांनंतर बहुधा पहिलाच त्याला गप्प करून बोलू लागतो.

## टप्पा ७ : नोंदी

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, 'तोंडी काम' आणि 'दैनंदिन निरीक्षण' ही दोन साधनं आहेतच, वेगळी परीक्षा काढू नका. एका तासाला पाचच मुलं बघायची, आधी ठरवून. चाळीस मुलं आठ तासांत होतात. सगळ्यांना एकदम बघायला गेलात की बोलकी तेवढी दिसतात.

नोंद कानांनी ऐकलेली लिहा. 'बोलण्यात सुधारणा आहे' ही नोंद कुणाच्याही नावापुढे चालते, म्हणून निरुपयोगी. त्याऐवजी : 'न कळल्यावर परत सांग म्हणाली', '"सोडून" असलेली सूचना दोनदा चुकली', 'कंडक्टर असताना अहो-जाहो वापरलं'. पुढच्या आठवड्याच्या जोड्या लावायला हीच वाक्यं उपयोगी पडतात.

## स्नेहसंमेलनात हेच करायचं असेल तर

संहिता आधी लिहू नका. पाचव्या टप्प्यातला एखादा प्रसंग चार-पाच जोड्यांकडून खेळून घ्या. ज्या वाक्यांना वर्ग खरंच हसला किंवा गप्प झाला ती फळ्यावर लिहा. त्या वाक्यांतून मुलांनीच संहिता बांधायची. आणि मधल्या दोन जागा कोऱ्या सोडायच्या, त्या दिवशी स्टेजवर जे सुचेल ते बोलायला. तालमीत दर वेळी तिथे वेगळं वाक्य येतं, त्यामुळे समोरच्या मुलाला कान उघडे ठेवूनच उभं राहावं लागतं.